सामाईक भिंत

१

मला वाटलं होतं, आमच्या घरातली सगळ्यात तापलेली भिंत पश्चिमेची निघेल. ग्लासगोच्या थंडीत बसून मी या घराचा अभ्यास केला होता. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, टेप लावून फोनवर सांगितलेली मापं, खिडक्यांचे फोटो, कात्रजच्या उन्हाचे आकडे, सगळं संगणकात भरून मी आमचं घर तिथे पुन्हा उभं केलं होतं. पडद्यावर पश्चिमेची भिंत रोज दुपारी लाल व्हायची. माझ्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर तीच लाल भिंत होती. हे घर कुणाचं, असं परीक्षकांनी विचारलं तेव्हा मी मान ताठ करून सांगितलं होतं, माझं.

एप्रिलमधल्या एका दुपारी मी खऱ्या घरात उभी राहिले आणि थर्मल कॅमेरा समोर धरला. हा कॅमेरा उजेड टिपत नाही, उष्णता टिपतो. गार ते निळं, तापलेलं ते पिवळं, फार तापलेलं ते पांढरं. पश्चिमेची भिंत पिवळी दिसली, हिशेबाप्रमाणे. मग मी वळले. मधल्या भिंतीला पाठ टेकून आई गहू निवडत बसली होती. त्या भिंतीवर ऊन कधीच पडत नाही. आई चाळण घेऊन उठली, आणि ती जिथे बसली होती तिथे भिंतीवर एक पांढरा डाग दिसला. जमिनीपासून बसलेल्या माणसाच्या खांद्यापर्यंत.

साऱ्या घरात तेवढीच जागा पांढरी होती.

२

हे घर अण्णांनी आणि त्यांच्या थोरल्या भावाने, हिंदुराव काकांनी, मिळून बांधलं. कात्रज तेव्हा पुण्यात धरत नसत. मी शाळेत असताना वाटणी झाली आणि बैठकीच्या मधोमध विटांची एक पातळ भिंत आली. अलीकडे आम्ही, पलीकडे काका आणि काकू. काकूचं नाव बायडाबाई, पण आम्ही सगळे तिला थोरली आई म्हणायचो.

भावांचं बोलणं बंद झालं, जावांचं झालं नाही. भिंत दोघींची होती. कुणालाही तिच्यात खिळा ठोकायचा असेल तर आधी पलीकडे विचारायचं, अशी रीत त्यांनी घालून घेतली होती. थोरली आई उलथण्याने भिंतीवर ठोकायची, आई पाट्याच्या वरवंट्याने उत्तर द्यायची. कालवण उरलंय, गॅस संपलाय, पाणी आलंय, सगळं त्या ठोकण्यात असायचं. बाहेरच्या माणसाला ते कळत नसे. मला थोडं कळायचं.

काका गेले. त्यांचा मुलगा मच्छिंद्र हिंजवडीला कंपनीत लागला आणि तिथेच उंच इमारतीत राहायला गेला. थोरली आई गेली नाही. गेल्या मे महिन्यात, भर दुपारी, ती त्या घरात उन्हाने गेली. दवाखान्यात नेलं तेव्हा अंग बेचाळीसला होतं, असं मच्छिंद्रदादाने मला फोनवर सांगितलं. ती मधल्या भिंतीला टेकलेली सापडली. उलथणं मांडीशी पडलं होतं आणि भिंतीच्या गिलाव्यावर ओरखडे होते.

अलीकडे, चार हातांवर, आई होती. आमचा कूलर चालू होता. कूलरच्या घरघरीत तिला काही ऐकू आलं नाही.

त्या दिवसापासून आईने दुपारी कूलर लावला नाही. चाळीस अंशांवर पारा गेला तरी ती त्या भिंतीला पाठ लावून बसायची. मार्चमध्ये तिला एकदा चक्कर आली. अण्णा घाबरले. ते डेअरीत आयुष्यभर दुधाच्या टाक्या थंड ठेवत आले होते, आणि घरातलं माणूस त्यांना थंड ठेवता येत नव्हतं. मच्छिंद्रदादाने एक बिल्डर आणला होता, त्याला दोन्ही अर्धी हवी होती. अण्णा सहीला तयार झाले. आई नको म्हणाली. मग मी आले.

"ह्यो उन्हाळा तुझा," अण्णा म्हणाले. "तुझ्या आईला हितं दुपार काढता आली, तर घर ऱ्हाईल. न्हायतर मी सही करणार. अजून एक मढं मला ह्या भिंतीपाशी नको."

मी हो म्हणाले. मला जराही शंका नव्हती. थोरली आई ज्याने गेली त्याच्यावर उपाय होता, तो मी शिकून आले होते, आणि पहिला प्रयोग माझ्याच घरावर करायला मिळत होता. याहून मोठा मान कुठला.

३

तो डाग मला आवडला नाही, याचं कारण तेव्हा फक्त हिशेब हे होतं.

आईच्या पाठीची ऊब भिंतीत उतरली असेल, हा पहिला विचार. पण माणसाचं अंग सदतीसला असतं. सदतीसच्या अंगाने भिंत त्याच्यापेक्षा जास्त तापवता येत नाही, हे शाळेतलं पोर सांगेल. आणि कॅमेरा डागावर बेचाळीस दाखवत होता.

पलीकडचं घर वर्षभर बंद, हवा नाही, भट्टी झालेली, हा दुसरा विचार. हा बरा होता. पण भट्टी साऱ्या भिंतीला तापवेल. बसलेल्या माणसाएवढ्याच जागेला नाही.

मी आईला दोन दिवस तिथे बसू नकोस म्हणून विनवलं. ती कुरकुरत स्वयंपाकघरात बसली. डाग तिथेच. सकाळी भिंत गार असायची, दुपारी तापायची, संध्याकाळी उतरायची. डाग तापत नव्हता आणि उतरत नव्हता. सकाळी बेचाळीस, दुपारी बेचाळीस.

हात लावून पाहिला. भिंत गरम लागली, इतकंच. भिंती उन्हाळ्यात गरम लागतात.

मी वहीत काही लिहिलं नाही. कॅमेरा नवा होता, भाड्याने आणलेला होता, आणि उष्णता मोजणारी यंत्रं चुकतात. पण आईला एकदा विचारलं, तू नेमकी तिथेच का बसतेस.

"तिथे थंड वाटतं?" असंही विचारलं, जरी तिचा चेहरा घामाने भिजलेला होता.

"थंड कशानं वाटंल," ती म्हणाली. "ऐकू येतं."

मला ते समजलं, असं मला वाटलं. दुःख आहे, त्याला वेळ लागेल. माझ्याकडे तिच्यासाठी कूलरपेक्षा चांगली गोष्ट होती. मी तिला सांगितलं, आई, मी तुला असा गारवा देते ज्याला आवाजच नाही. पंखा हळू ठेवायचा, बाकी भिंतीच ऊन अडवतील. आवाज अजिबात नाही ना, असं तिने पुन्हा विचारून घेतलं, आणि मग परवानगी दिली.

४

पद्धत साधी आहे. भिंतीवर पत्र्याच्या पट्ट्यांची चौकट ठोकायची, चौकटीत दगडी लोकर भरायची, वरून बोर्ड लावून सांधे बुजवायचे. दगड वितळवून त्याची ही लोकर काढतात. हवा तिच्यात अडकून पडते, आणि अडकलेली हवा उष्णता जाऊ देत नाही. खरं तर हा थर भिंतीला बाहेरून द्यावा, पण आमची पश्चिमेची भिंत रस्त्याला इतकी लागून आहे की बाहेर दोन इंचही सरकता येत नाही. म्हणून आतून.

मच्छिंद्रदादाला मी फोन करून सांगितलं की सामाईक भिंतीलाही थर देणार आहे. तो हसला. "मैनाबाई, पुण्यात लोक उन्हाळ्यात स्वेटर काढून ठेवतात. तू भिंतीला घालतेस. घाल, घाल. पाडताना बिल्डर काढेल." परवानगी मिळाली.

हे मी आईला सांगितलं. तिने तांदूळ धुता धुता विचारलं, "पल्याड सांगितलंस का?"

"आत्ताच दादाशी बोलले ना."

"मच्छिंद्राला न्हवं. पल्याड."

मी हसले आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. मला तिचा अभिमान वाटला, ती अजून रीत पाळते याचा. रीत मात्र मी पाळली नाही. कुलपाच्या आड कुणाला विचारायचं.

काम करायला कोंढव्याचे शकीलभाई आले. हिंजवडीतल्या कचेऱ्यांची छतं त्यांनी केली होती, आणि जिभेला चांगलीच धार होती. पश्चिमेची भिंत त्यांनी सफाईने उरकली. मधल्या भिंतीला ड्रिल लावलं आणि थोड्या वेळाने माझ्याकडे आले.

"मैनाताई, पलीकडच्या पार्टीला जरा सांगा. आधी माझं होऊ दे, मग त्यांचं करा. दोन्हीकडून ठोकलं तर ही भिंत राहील का? पापडासारखी आहे."

पलीकडे कुणी नाही, घर बंद आहे, असं मी सांगितलं. त्यांनी भुवया उंचावल्या. मी अंगणातून वळसा घालून पाहून आले. कुलूप होतं तसं होतं, कडीवर कोळ्याचं जाळं होतं. मी परत येऊन त्यांना समजावलं की पातळ भिंतीत आवाज घुमतो, सैल झालेला गिलावा आतल्या आत आपटतो, आपण ठोकलेलंच आपल्याला परत ऐकू येतं.

"बरोबर," शकीलभाई म्हणाले. "फक्त आमच्या कोंढव्यात आधी ठोकतात आणि मग ते परत ऐकू येतं. तुमच्याकडे आधी परत येतं."

तरीही त्यांनी काम पूर्ण केलं. डागाची जागा मी स्वतः भरली. दगडी लोकरीचा तुकडा मापाने कापला, चौकटीत दाबून बसवला आणि तळवा ठेवून पाहिला. आत, लोकरीच्या मागे, काहीतरी हलकेच आपटत होतं. धातूचं, विटेवर. सैल गिलावा, मी मनाशी म्हणाले. बोर्ड चढला, आणि आवाज थांबला.

थांबला म्हणजे ऐकू येईनासा झाला. हा फरक मला तेव्हा सुचला नाही.

५

आमचं घर गार झालं. हे वाक्य मला पुन्हा लिहावंसं वाटतं. आमचं घर गार झालं. बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ पडायचं, आणि आत अण्णा दुपारी उघड्या अंगाने नाही तर सदरा घालून पेपर वाचायचे. माझा संगणक जे आकडे सांगत होता त्यापेक्षाही घर दीड अंशाने गार निघालं. कात्रजच्या एका डेअरी कामगाराची मुलगी सातासमुद्रापलीकडून एक गोष्ट शिकून आली, आणि ती गोष्ट तिच्या आईच्या अंगावरचा घाम पुसू शकली. मी त्या दिवसांत रस्त्याने चालताना दर घराकडे बघायचे आणि मनात त्याला थर द्यायचे.

आणखी एक गोष्ट झाली, जी मी संगणकात घातली नव्हती. घर मुकं झालं. घाटाकडे चढणाऱ्या ट्रकचे हॉर्न गेले. प्राणिसंग्रहालयातले मोर उन्हं कलली की ओरडतात, ते लहानपणापासून आमचं घड्याळ होतं. तेही गेले. पंख्याच्या पात्याला एक बारीक कुरकुर आहे, हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं.

पहिले काही दिवस आई अस्वस्थ होती. ती बोर्डाला पाठ लावून बसायची, मग वळून कान लावायची, मग उठून अंगणात जायची आणि पलीकडच्या दाराशी उन्हात उभी राहायची. अण्णा रागावले. एवढं करून ती पुन्हा उन्हात जाणार असेल तर उपयोग काय. मीही रागावले, थोडी.

"गार हाय," ती म्हणाली. "चांगलं केलंस तू. पर आता तिनं किती बी ठोकलं तरी मला कळायचं न्हाय."

कुणी, असं मी विचारलं नाही. तिने सांगितलं असतं, आणि मला उत्तर द्यावं लागलं असतं.

मग एका दुपारपासून ती शांत झाली. अंगणात जाणं थांबलं. चटई टाकायची, बोर्डाला टेकायची, शेंगा सोलायची. चेहरा सैल झाला, झोपही लागू लागली. मी जिंकले, असं मला वाटलं. फक्त एक बारीक गोष्ट माझ्या लक्षात येत होती. पूर्वी ती चटईच्या मधोमध बसायची. आता एका कडेला बसू लागली, अगदी कडेला, एक मांडी जमिनीवर. बाकीची चटई मोकळी.

पंख्याचा वारा तिथे जास्त येत असेल. गुडघा दुखत असेल. मी दोन्ही कारणं तपासली नाहीत.

६

मे महिन्याच्या शेवटी अण्णांनी आईच्या बचत गटाच्या बायकांना घर बघायला बोलावलं. खरं तर त्यांना मिरवायचं होतं, आणि मलाही. मी सगळ्यांना आधी अंगणातल्या भिंतीला हात लावायला सांगितला, मग आतल्या. बायका एकमेकींकडे बघून हसल्या. एकीने विचारलं, असं नवऱ्याच्या डोक्याला लावता येतं का.

मग मी त्यांना कॅमेऱ्याची गंमत दाखवली. बोर्डावर तळवा ठेवायचा, मोजून थोडा वेळ, आणि काढायचा. डोळ्यांना काही दिसत नाही. पण कॅमेऱ्यात निळ्या बोर्डावर पाच बोटांचा पिवळा पंजा उमटलेला असतो, आणि बघता बघता विझतो. हलक्या बोर्डामागे लोकर असली की असंच होतं. अंगाची ऊब वरच्यावर राहते, आत मुरत नाही. सगळ्यांनी पंजे उमटवले. आमची मधली भिंत त्या पडद्यावर लग्नघरासारखी दिसत होती.

अण्णांनी सगळ्यांसमोर सांगितलं की घर विकायचं नाही. उद्या सकाळी मच्छिंद्र कागद घेऊन येणार आहे, त्याला तसं सांगणार. ते बोलताना माझ्याकडे बघत नव्हते, छताकडे बघत होते. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात उजळ दुपार होती.

बायका गेल्या. अण्णा त्यांना रस्त्यापर्यंत पोचवायला गेले. आई थकून चटईवर बसली, कडेला, बोर्डाला पाठ लावून. मला माझ्या कामाचा शेवटचा फोटो हवा होता, आधीच्या डागाच्या फोटोशेजारी ठेवायला. डागावर मी विजय मिळवला होता, ते दाखवायचं होतं. मी खोलीच्या मधोमध, पंख्याखाली, सगळ्यात गार जागी उभी राहिले.

तेवढ्यात वीज गेली. पंखा मंदावला आणि थांबला.

"च्या टाकते," आई म्हणाली, उठली आणि अनवाणी स्वयंपाकघरात गेली.

७

मी कॅमेरा उचलला.

बोर्ड सगळीकडे निळा होता. बायकांचे पंजे विझून गेले होते. खाली, आई जिथे बसली होती, तिथे तिच्या पाठीचा पिवळा ठसा होता, आणि तो हळूहळू विझत होता. असाच विझायला हवा.

त्याच्या शेजारी, मोकळ्या चटईच्या मागे, दुसरा ठसा होता. पाठीचाच. आईपेक्षा रुंद. पिवळा नाही, पांढरा.

मी कारण शोधू लागले. लोकर तिथे नीट बसली नसेल, पलीकडची उष्णता झिरपत असेल. पण झिरपणारी उष्णता एका जागी राहते. हा ठसा विझत होता. कडांपासून आत, पांढऱ्याचा पिवळा होत, आईच्या ठशासारखाच, तेवढ्याच गतीने. माझं शिक्षण मला इतकंच सांगत होतं की अशा तऱ्हेने एकच गोष्ट विझते. जिथे कुणीतरी टेकून बसलं होतं आणि नुकतंच उठलं.

थराच्या या बाजूला.

मी कॅमेरा खाली वळवला, का ते मला माहीत नाही. फरशी गार होती, जवळजवळ काळी. आईची पावलं तिच्यावर पिवळी उमटलेली होती, चटईपासून स्वयंपाकघराकडे, एकामागून एक विझणारी. आणि चटईच्या मोकळ्या अर्ध्या भागातून दुसरी पावलं निघाली होती. पांढरी, एकमेकांच्या अगदी जवळ टाकलेली, पाय ओढत चालणाऱ्या माणसाची. ती स्वयंपाकघराकडे गेली नव्हती. दाराकडेही नाही. उन्हाने हैराण झालेला माणूस बाहेरून आला की जिथे जाऊन उभा राहतो, तिथे ती आली होती. पंख्याखाली.

चटईजवळची पावलं विझली. मधली विझली. माझ्या पायांसमोरची दोन पावलं विझत नव्हती.

घरात काही आवाज नव्हता. मी स्वतःच सगळे आवाज बाहेर ठेवले होते. माझ्या चेहऱ्यावर, बंद पंख्याखाली, गरम हवा लागत होती. थांबत होती, आणि पुन्हा लागत होती.

कॅमेऱ्यातला आकडा मी पाहिला नाही. तो मला ठाऊक होता.

स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज झाला आणि आई दारात आली. तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या समोरच्या रिकाम्या जागेकडे, आणि कुणाला घाई करू नये अशा बेताने म्हणाली, "मैने, जरा बाजूला सर. तिला वारं लागू दे."

मी बाजूला सरले. वीज आली. पंखा फिरू लागला.

८

त्या रात्री मी झोपले की नाही, आठवत नाही. पण भीतीखाली दुसरं काहीतरी होतं, आणि सकाळी उठले तेव्हा तेच वर आलेलं होतं. ग्लासगोत मी संगणकात उभं केलेलं घर अर्धंच होतं. मधल्या भिंतीला मी घराची शेवटची भिंत धरलं होतं, जणू तिच्यापलीकडे फक्त हवामान आहे. दोन भावांनी एक घर बांधलं होतं, आणि मी त्याच्या मधोमध लोकर भरून एका बाजूला म्हटलं होतं, तू आत, आणि दुसरीला, तू बाहेर. बाहेर ठेवलेल्याने गारव्यासाठी आत यावं आणि पंख्याखाली पाहुण्यासारखं उभं राहावं, यात त्याची काय चूक. थर सगळ्या घराभोवती हवा. दोन्ही बाजू गार असतील तर मधल्या भिंतीला थराची गरजच नाही. ती उघडी राहू शकते, ऐकू येईल अशी.

आणि मधे काहीच नसेल, तर ज्याला त्याला आपल्या घरी परत जाता येईल.

मच्छिंद्रदादा आला तेव्हा मी पाना आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन मधल्या भिंतीचा पहिला बोर्ड उतरवत होते. अण्णा त्याला सांगून चुकले होते की सही होणार नाही. त्याने कागदांची पिशवी खुर्चीवर टाकली आणि मला विचारलं, एवढं लावून आता काढतेस का, मिरवून झालं वाटतं.

मी त्याला सांगितलं की मला त्याच्या घराची किल्ली हवी आहे. थर द्यायचं पुढचं घर तेच. याच उन्हाळ्यात, पाऊस यायच्या आत, पलीकडच्या बाकी तिन्ही बाजूंना थर देणार, आणि ही भिंत मोकळी करणार.

मग त्याने खिशातून किल्ली काढली, पण लगेच दिली नाही. बोटाभोवती फिरवत राहिला. त्याच्या आईची किल्ली होती, लाल दोऱ्यातली.

"गार कुणासाठी करणार, मैना?" तो म्हणाला. या वेळी तो थट्टा करत नव्हता. "तिथे राहतंय कोण?"

मागे आई उभी होती. चटई तिने आधीच टाकली होती, आणि ती कडेला बसायला निघाली होती.

"विचारून सांगते," मी म्हणाले. किल्लीसाठी एक हात पुढे केला, आणि दुसऱ्या हाताने आईकडे वरवंटा मागितला.